देशी शेळीला प्रायॉन होतच नाही म्हणे!

शेळीपालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. सारांश असा: देशी शेळ्यांना मेंदू पोखरणाऱ्या प्रायॉन रोगाविरुद्ध निसर्गानेच कवच दिले आहे, युरोपच्या शास्त्रज्ञांनीही ते मान्य केले आहे, हा रोग परदेशी जातींचा, भारतात तो नाहीच, म्हणून बोअर-सानेनशी संकर ताबडतोब बंद करा. शेवटी ‘देशी शेळीचे दूध प्या, मेंदूचे आजार टाळा’ ही पुरवणी. खाली नाव कुणाचेच नसते, हात जोडलेल्या चित्रांची मात्र रांग असते.

सगळेच खोटे असते तर दुर्लक्ष करता आले असते. पण यातला एक धागा खरा आहे आणि बाकीचे सगळे त्याला लोंबकळते आहे.

तो धागा आधी बघू. शेळ्या-मेंढ्यांच्या प्रायॉन रोगाला स्क्रेपी म्हणतात. यात ना जिवाणू असतो, ना विषाणू. मेंदूत मुळातच असलेल्या एका प्रथिनाची घडी चुकते आणि ते शेजारच्या धडधाकट प्रथिनालाही तशीच घडी पाडते. विरजणाच्या थेंबाने पातेलेभर दुधाचे दही व्हावे तसे. या घटकाला ‘प्रायॉन’ हे नाव स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये दिले, १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हे प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्या २२२व्या जागी बहुतेक शेळ्यांत ग्लुटामिन असते. इटली, फ्रान्स, ग्रीसमधल्या काही शेळ्यांत तिथे लायसिन सापडले. लायसिनवर धन विद्युतभार असतो, ग्लुटामिनवर नसतो. एवढ्याशा फरकाने चुकीची घडी पडणे अवघड होते, आणि अशा शेळ्या स्क्रेपीने ग्रासलेल्या कळपातही निरोगी राहिलेल्या दिसल्या. सायप्रसमध्ये असाच प्रकार १४६व्या जागी आढळला: नेहमीच्या ॲस्परॅजिनऐवजी सेरिन किंवा ॲस्पार्टिक आम्ल. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये या तीन बदलांवर शिक्कामोर्तब केले. युरोपातल्या शेळ्यांत नैसर्गिकरीत्या आढळणाऱ्या नेहमीच्या स्क्रेपीला हे बदल प्रतिकार करतात, असे ते मत. २०२० मध्ये युरोपीय संघाने नियमही बदलले. कळपात रोग निघाला तर सरसकट सगळ्या शेळ्या मारण्याऐवजी हे बदल असलेल्या शेळ्या आता राखता येतात.

‘युरोपने मान्य केले’ ते हे. त्यात ‘देशी’ हा निकष कुठेही नाही. निकष आहे त्या एका शेळीच्या जनुकाचा, आणि त्यातल्या १४६ किंवा २२२ या जागेचा. दक्षिण इटलीच्या स्थानिक जातींत २२२चा बदल उत्तरेकडच्या आल्पाइन-सानेनपेक्षा जास्त सापडतो, हे कबूल. पण तिथेही बहुसंख्य शेळ्यांत तो नाही. एकाच गोठ्यातल्या, एकाच रंगाच्या, एकाच आईच्या दोन करडांपैकी एकात तो असेल आणि दुसऱ्यात नसेल. उस्मानाबादीचा काळा रंग बाजारात लांबूनही ओळखता येतो, २२२वी जागा येत नाही. त्यासाठी रक्त काढून प्रयोगशाळेतच पाठवावे लागते.

देशी म्हणजे आपोआप सुरक्षित, या समजुतीला सगळ्यात मोठा धक्का आइसलँड देतो. ती गोष्ट मेंढीची आहे, शेळीची नाही. पण प्रथिन तेच आणि रोगही तोच. आइसलँडची मेंढी नवव्या शतकापासून त्या बेटावर आहे. तिच्याइतकी ‘शुद्ध देशी’ जात जगात शोधून सापडायची नाही. १८७८ मध्ये डेन्मार्कमार्गे आलेल्या एका इंग्रजी जातीच्या मेंढ्यासोबत स्क्रेपी उत्तर आइसलँडमध्ये शिरली असे मानले जाते, आणि ही हजार वर्षांची देशी जात तिच्यापुढे उघडी पडली. कळपच्या कळप कापावे लागले. गोठे रिकामे केले, धुतले, जाळले, वर्षांनी नव्या मेंढ्या आणल्या, आणि काही ठिकाणी रोग परत आला. एका गोठ्यात तर तो किमान १६ वर्षे टिकून राहिल्याचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंढ्यांतले सर्वाधिक प्रतिकारक मानले जाणारे जनुकरूप त्या देशात सापडले ते थेट २०२२ च्या जानेवारीत, पूर्वेकडच्या एका शेतावरच्या मोजक्या मेंढ्यांत. देशीपणाच पुरेसा असता तर त्यासाठी शंभरावर वर्षे थांबावे लागले नसते.

सायप्रसचेही तेच. तिथल्या दमास्कस शेळ्या पूर्व भूमध्य भागातल्याच, त्या हवेत मुरलेल्या. तरीही १९८५ पासून स्क्रेपीने त्यांचे कळप पोखरले. प्रतिकारक बदल त्यांच्यातच होता, पण थोड्यांत. आजारी पडलेल्या जवळपास सगळ्या शेळ्यांत तो नव्हता, म्हणून तर संशोधकांचे लक्ष १४६व्या जागेकडे गेले. मग पैदाशीचे बोकड तपासून निवडायला सुरुवात झाली.

आता ‘परदेशी जातीच रोगट’ हा भाग. गंमत अशी की १४६व्या जागेचा सेरिनचा बदल बोअर शेळ्यांत चांगल्या प्रमाणात सापडतो. अमेरिकेतल्या तपासण्यांत तो वारंवार दिसला आहे. म्हणजे मजकूर ज्या बोअरला खलनायक ठरवतो, तीच हे ‘कवच’ घेऊन फिरते आहे. फ्रान्सच्या सानेन आणि आल्पाइनमध्येही २२२चा बदल थोड्या प्रमाणात आहे. ब्रिटनमध्ये गायींत असाच प्रायॉन रोग (‘मॅड काऊ’) माजला आणि १,८०,००० हून अधिक जनावरे गेली, ती काही विशिष्ट जातीमुळे नव्हे. मेलेल्या जनावरांचे मांस-हाडांचे पीठ जिवंत गायींच्या खाद्यात कालवले गेले म्हणून.

‘कवच’ या शब्दावरही माझा आक्षेप आहे, कारण रोग एक नाही. १९९८ मध्ये नॉर्वेत स्क्रेपीचा एक वेगळा प्रकार सापडला. नेहमीच्या स्क्रेपीला दाद न देणारे मेंढ्यांचे जनुकरूपही त्याच्या तडाख्यातून सुटले नाही. शेळ्यांत तर १५४व्या जागेचा एक बदल नेहमीच्या स्क्रेपीविरुद्ध थोडाफार उपयोगी दिसतो आणि या वेगळ्या प्रकाराचा धोका मात्र वाढवतो. एक दार लावायचे तर दुसरे उघडते. शिवाय गायींचा रोग शेळीतही येऊ शकतो. फ्रान्समध्ये २००२ मध्ये कापलेल्या एका शेळीत तो असल्याचे जानेवारी २००५ मध्ये निश्चित झाले.

‘पूर्ण कवच’ म्हणावे असे एक उदाहरण मात्र आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याला ते माहीत नसावे, नाहीतर त्याने ते आधी वापरले असते. नॉर्वेच्या दुभत्या शेळ्यांत काहींच्या जनुकात ३२व्या जागीच ‘थांबा’ असा संकेत आहे, त्यामुळे प्रायॉन प्रथिन तयारच होत नाही. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. सुमारे दहा टक्के शेळ्यांत या बदलाची एक प्रत आहे. दोन्ही प्रती असलेली शेळी या प्रथिनाशिवायच जगते, चरते, वितेही. २०२० मधल्या प्रयोगात अशा शेळ्यांना मुद्दाम संसर्ग देऊनही स्क्रेपी झाली नाही. प्रथिनच नाही तर घडी कशाची चुकणार? जात स्थानिक आहे, बरोबर. पण तिच्यातल्याही बहुतेक शेळ्यांत हा बदल नाही.

आता भारत. ‘आपल्याकडे हा रोग नाहीच, हाच पुरावा’ असे मजकूर सांगतो. हिमालयाच्या पायथ्याशी मेंढ्यांत स्क्रेपी आढळल्याची नोंद १९६१ मध्येच एका ब्रिटिश पशुवैद्यक नियतकालिकात छापून आली आहे. २०१० मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारताला ‘नगण्य धोका’ हा दर्जा दिला, तो गायींच्या रोगाबाबत. शेळ्यांच्या स्क्रेपीशी त्याचा संबंध जोडणे म्हणजे एकाचा दाखला दुसऱ्याच्या खिशात घालणे.

आणि ‘आमच्या गावात कुणी बघितला नाही’ याला किती अर्थ आहे? स्क्रेपी लागल्यापासून लक्षणे दिसायला साधारण दोन ते पाच वर्षे लागतात. आपल्याकडे बोकड आठ-दहा महिन्यांत, फार तर वर्ष-दीड वर्षात ईदेला नाहीतर खाटकाकडे जातो. राहिली शेळी. ती अंग घासू लागली, चालताना झोकांड्या खाऊ लागली, वाळत गेली, तर गोठ्यात निदान काय होते? खरूज, जंत, नाहीतर ‘वारं गेलं’. खात्रीचे निदान सहसा मेल्यानंतरच होते: मुंडके वेगळे करून मानेकडच्या छिद्रातून लांब दांड्याचा चमचा आत सरकवायचा आणि मेंदूच्या देठाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा न चिरडता बाहेर काढायचा. मेंदूतली रोगाची पहिली खूण तिथे मिळते. असा तुकडा काढलाच नाही तर ‘आढळला नाही’ हे वाक्य खरेही असते आणि निरुपयोगीही.

संकर बंद करण्याचा सल्ला तर उलटाच आहे. हवे ते जनुक ओळखून दुसऱ्या जातीत आणता येते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच फलटणला आहे. निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या चिमुकल्या गारोळ मेंढीतले जुळी कोकरे देणारे जनुक संकरातून दख्खनी मेंढीत आणले, पिढ्यान्‌पिढ्या तपासणी करून टिकवले, आणि ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ या जाती टिकाव्यात असे मलाही वाटते. त्यांची काटकता, दुष्काळात तग धरणे ही कारणे पुरेशी आहेत. त्यासाठी न तपासलेल्या प्रायॉन-प्रतिकाराची जाहिरात करायची गरज नाही. शिवाय ‘शुद्ध’ राखायच्या नादात गावभर एकाच बोकडाची पैदास चालवली, तर असलेले दुर्मिळ बदलही दोन-चार पिढ्यांत गळून जातील.

त्यापेक्षा व्यालेल्या शेळीची वार कुत्र्यांना किंवा कळपात पडू न देता खोल पुरणे जास्त कामाचे, कारण स्क्रेपी मुख्यतः वारेतूनच पसरते.

राहिली दुधाची पुरवणी. स्क्रेपी झालेल्या मेंढीच्या दुधातून ती कोकरांना लागते, हे प्रयोगात दिसले आहे, आणि दूध उकळून प्रायॉन मरत नाही; रुग्णालयातली हत्यारे त्यासाठी १३४ अंशांच्या दाबाखालील वाफेत १८ मिनिटे ठेवतात. स्क्रेपी माणसाला होते असा पुरावा अडीचशे वर्षांत मिळालेला नाही, ही दिलाशाची गोष्ट. पण ती गावठी शेळीच्या दुधाला जितकी लागू, तितकीच सानेनच्या.