सणाच्या दारात पुठ्ठ्याचा कंदील

लातूरकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर दिवाळीला तोच वाद. शाळेने टाकाऊ वस्तूंचा आकाशकंदील करायला सांगितला की कुणीतरी म्हणतंच, "सणासुदीला कचरा कशाला टांगायचा दारात?" मग बाजारातून कापून-छापून तयार संच येतो, रात्री बाप तो चिकटवतो आणि नाव लागतं लेकराचं.

याने माझं डोकं फिरतं. कचरा कसला? ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी करणारी पोरं मराठवाड्यातलीच. तिथे घरातल्या पुठ्ठ्याची लाज कधीपासून वाटायला लागली?

इकडे जर्मनीत 11 नोव्हेंबरच्या सांक्ट मार्टिनला, म्हणजे संत मार्टिनच्या सणाला, बालवाडीतली पोरं चीजच्या गोल खोक्याची लाटर्ने, म्हणजे हातातला कंदील, घेऊन निघतात. विकतचीही मिळते, पण वाकडीतिकडी का होईना, स्वतः केलेलीच मिरवतात.

आपल्या कंदिलालाही तीच रीत चालते. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या 36 सेंमी लांब, 2 सेंमी रुंद दोन पट्ट्या कापा. पुठ्ठ्यातल्या नळ्या पट्टीला आडव्या हव्यात. लांबीच्या दिशेने आल्या तर पट्टी वळत नाही, मोडते. प्रत्येक पट्टीची टोकं दीड सेंमी एकमेकांवर चिकटवली की साधारण 11 सेंमी व्यासाचं कडं होतं. वहीतले उरलेले कोरे कागद जोडून 38 बाय 20 चा तुकडा करा. पुठ्ठ्याच्या जाडीने बाहेरचा घेर वाढतो, म्हणून 36 चा कागद अपुरा पडतो. चित्र आधीच मेणखडूने काढू द्या. कंदील उभा राहिल्यावर रंगवलं तर बोट आरपार जातं.

खळीसाठी दोन चमचे मैदा अर्धा कप गार पाण्यात कालवा, मगच गॅसवर ठेवा, नाहीतर गुठळ्या होतात. एक कडं वर, एक खाली धरून कागद त्यांना बाहेरून चिकटवा, आणि पूर्ण वाळला की बाहेरून करडईच्या तेलाचा बोळा फिरवा. कागद उजेडाला अर्धपारदर्शक होतो. तेल आधी लावलं तर खळ धरत नाही.

दुरून सांगणं सोपं, हे ऐकून घ्यायची माझी तयारी आहे. लाटर्नेच्या रांगेत सगळ्यांना गाणी पाठ असतात, मला नाहीत. तिथे मत कुणी विचारत नाही. गावच्या कंदिलावर मी भांडतो ते त्यामुळेही असेल.

टांगायला वरच्या कड्याला तीन भोकं पाडा. दोनच पाडली तर वाऱ्यात कंदील एका अंगाला कलतो. भोकामागे पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा, म्हणजे दोरा फाडत नाही. आत पणती अजिबात नको, कागद तेलकट आहे. लहान एलईडी दिवा मधोमध सोडा, कागदाला टेकू देऊ नका.