पाणी आला

आमच्या घरच्या ग्रुपवर वर्षभर एकच भांडण चालू आहे आणि दोन्ही बाजूंनी साक्षीला मलाच उभं केलंय. आतेभाऊ म्हणतो, "ही बघा, जर्मनीत गेली आणि मुकाट्याने जर्मन शिकली. मग पुण्यात येणाऱ्यांना मराठी शिकायला काय धाड भरते?" मामा म्हणतात, "ही चार भाषा बोलते, बिघडलं का काही? पहिलीपासून हिंदी आली असती तर कुठे आभाळ कोसळणार होतं?"

मी जून २०२५मध्ये श्टुटगार्टला आले. तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची करणारा एप्रिलमधला शासन निर्णय, मग १७ जूनला 'अनिवार्य'च्या जागी आलेलं 'सर्वसाधारणपणे', आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द. हे सगळं मी रिकाम्या घरात गादीवर बसून फोनवर वाचलं. सरकारने माघार घेतली, आमच्या ग्रुपने नाही घेतली.

मामांना उत्तर देणं सोपं आहे. मी जर्मन शिकले ती अडतिसाव्या वर्षी, पगार घेऊन आणि स्वतःच्या हौसेने. सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात कोणी तिसरी भाषा कोंबली नव्हती. आतेभावाचं मात्र अवघड आहे, कारण मला त्याचं म्हणणं मनापासून पटतं. महाराष्ट्रात राहायचं तर मराठी यायला हवी, यात चर्चा कसली? फक्त त्याने त्यासाठी मला वापरू नये.

कारण 'मुकाट्याने' हे खोटं आहे. मी वर्षभर कुरकुरत शिकले. आणि इथे भाषा यावी म्हणून कोणी कोणाच्या दुकानात शिरून कानाखाली काढत नाही. इथल्या सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये भाषेच्या ६०० तासिका असतात, वर कायदा-इतिहासाच्या १००. ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्याला, बी-वन ही भाषेची मधली पातळी आली की २१ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो, नुसत्या ए-वनवर, म्हणजे पहिल्या पायरीवर, २७ थांबायचं. म्हणजे समोर गाजर धरलेलं असतं. आपल्याकडे चाकणला कामाला आलेल्या पोराने संध्याकाळी मराठी शिकायला कुठल्या वर्गात जायचं, ते भावाने एकदा सांगावं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. भरपूर अंगठे आले. मग जरा ओशाळले, कारण त्या ६०० तासिकांतली एकही मी केलेली नाही. ए-वन पुण्यातच झाली होती आणि इथे कंपनीच्या खर्चाने आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग असतो. ऑफिस सगळं इंग्रजीत चालतं. जर्मनवाचून इथे माझं काहीही अडलं नसतं.

अडवलं ते खालच्या मजल्यावरच्या आजींनी. त्यांना इंग्रजी येत नाही आणि केअरवोखेत, म्हणजे भाडेकरूंच्या आठवड्याच्या झाडलोटीच्या पाळीत, सवलत देणं त्यांच्या स्वभावात नाही. माझ्या दाराला पाटी लागली की जिना मीच झाडायचा, कोपऱ्यासकट, आणि आजी वर उभ्या राहून श्वेबिशमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, सूचना करणार. त्या प्रत्येक शब्दाला 'ले' लावतात. नागपूरच्या मैत्रिणीच्या 'मले-तुले'ला आम्ही कॉलेजात किती हसायचो ते आठवतं. पण इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने स्वतःची जाहिरातच अशी केली होती की आम्हाला सगळं येतं, फक्त शुद्ध जर्मन तेवढी नाही. पुण्याच्या वेशीवर असा फलक लागलेला मला स्वप्नातही दिसत नाही.

वर्षभरात काय बदललं, असं आई विचारते. मी सज्जन झाले. म्हणजे जर्मनमध्ये. खोचक बोलायला जे शब्द लागतात ते अजून माझ्याकडे नाहीत, त्यामुळे आजींच्या मते मी फार गोड, अबोल बाई आहे. चिंचवडच्या आमच्या सोसायटीत हे कोणाला सांगितलं तर लोक पोट धरून हसतील.

तिथे हसायची सवय आहेच. गेटवर एक वॉचमन होता, बिहारकडचा. एका सकाळी तो मला मराठीत म्हणाला, "ताई, आज पाणी आला नाही." मी त्याला हिंदीत विचारलं, "टँकर बुलाया क्या?" आणि लिफ्टमध्ये शेजारणीला सांगून हसले. 'पाणी आला' ही पुढे आमच्या मजल्यावरची म्हणच झाली. तो नंतर माझ्याशी हिंदीतच बोलत राहिला. मला वाटायचं, मी त्याच्या सोयीसाठी हिंदी बोलते. रिक्षावाल्याशी, प्लंबरशी, भाजीवाल्याशी, सगळ्यांच्याच सोयीसाठी. आता बेकरीतली मुलगी माझं अर्धं वाक्य ऐकून सफाईने इंग्रजीवर येते, तेव्हा माझी कानशिलं तापतात. तीही माझी सोयच बघत असते.

वर्गात आम्हा मराठी लोकांचा एक माज असतो. देअर, दी, दास या तीन लिंगांनी बाकीचे हैराण होतात. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून पाठ. अर्थात फायदा फार होत नाही, कारण यांचा सूर्य बाई आहे आणि टेबल पुरुष. पण पाणी जुळतं. दास वासर, ते पाणी. तो शब्द मी कधीच चुकले नाही.

गेल्या महिन्यात लखनौचा एक मुलगा 'देअर वासर' म्हणाला. पानी आया, म्हणून देअर. मला चूक कुठून आली ते तत्क्षणी कळलं आणि हसू ओठांपर्यंत आलं. बाई शांतपणे 'दास' म्हणाल्या आणि त्यांनी त्यालाच पुढचा प्रश्न विचारला. त्याने नीट उत्तर दिलं. मी आजूबाजूला पाहिलं. कोणीच हसत नव्हतं.