दमलेल्या सुनेला प्रश्नावल्या कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं म्हणणं असं की, डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांना घरी सांभाळणाऱ्यांच्या अभ्यासात ‘सगळ्या थरांतली माणसं हवीत’ हा अमेरिकी हट्ट आहे. मेंदू काय भाषा आणि पगार बघून झिजतो? ज्यांना गरज असते ते येतातच. आणि रात्ररात्र जागणाऱ्या सुनेला प्रश्नावल्यांना जुंपणं म्हणजे छळ, वर पैसे देऊन माणसं जमवायची.

मेंदूचं सोडा. अभ्यास सांभाळणाऱ्या माणसाचा आहे, आणि तिथे घर बदललं की उत्तरही बदलतं. अमेरिकेतल्याच ‘रीच-२’ चाचणीचं बघा, २००६ साली प्रसिद्ध झालेली. सांभाळणाऱ्यांना, म्हणजे काळजीवाहकांना, मदत दिली तर उपयोग होतो का, हे तिने तपासलं. पाच शहरांतले ६४२ काळजीवाहक. गोरे, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक जवळजवळ सारख्या संख्येने घेतलेले. सहा महिने घरी जाऊन आणि फोनवरून मदत दिली. गोऱ्या आणि हिस्पॅनिक काळजीवाहकांचं जगणं सुधारलं. कृष्णवर्णीयांमध्ये मात्र रुग्णाचा नवरा किंवा बायको सांभाळत असेल तरच फरक दिसला, इतर नातेवाइकांमध्ये नाही. तिन्ही गट पुरेसे घेतले नसते तर हे कळलंच नसतं, ‘उपयोग होतो’ म्हणून सगळे मोकळे झाले असते. आपल्याकडे हे काम बऱ्याचदा सुनेच्या किंवा लेकीच्या वाट्याला येतं, हे लक्षात घ्या.

‘गरज असेल ते येतात’ हे तर मला अजिबात पटत नाही. मी अशा अभ्यासांसाठी कुटुंबांना फोन करते. केसपेपरवर नंबर असतो मुलाचा. सकाळी अकराला तो ऑफिसात असतो, म्हणतो, “घरी सगळं ठीक आहे, आम्हाला नको.” सासूला अंघोळ घालणाऱ्या बाईपर्यंत प्रश्न पोचतच नाही आणि आमच्या वहीत ‘नकार’ अशी नोंद होते. ती मोकळी सापडते दुपारी, जेवणं आवरल्यावर आणि नळाला पाणी यायच्या आत. त्यात आमच्या फॉर्मवर ‘प्रमुख काळजीवाहक’ या रकान्यात एकच नाव मावतं. घरात सून दिवस काढते, रुग्ण रात्री बाहेर जाऊ नये म्हणून नातू दाराला कडी लावून झोपतो, औषधं धाकटी लेक आणते. कुणाचं नाव लिहायचं?

पुढे संमतिपत्र. एका आजोबांनी अंगठा द्यायच्या आधी विचारलं, “सातबाऱ्याचं काही नाही ना यात?” प्रश्न रास्त होता. जमिनीच्या कागदांवर असेच अंगठे घेतले गेलेत की! त्यांच्या ओळखीच्या आशाताई (आरोग्य कार्यकर्त्या) शेजारी बसल्या, कागद मोठ्याने वाचला गेला, मग गाडी पुढे सरकली.

छळाचा मुद्दा अर्धा मान्य. दोन बस बदलून दवाखान्यात यायचं आणि दोन तास टिकमार्क करत बसायचं, हा छळच. पण त्यावर तिला वगळणं हा उपाय नव्हे. मग उरतात फक्त घरी मावशी ठेवू शकणारी कुटुंबं, आणि योजना त्यांच्याच सोयीच्या होतात. गोव्यात याचं उत्तर शोधलं गेलंय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत ८१ कुटुंबं होती. मदत घरीच पोचवली. स्थानिक भाषा बोलणारे प्रशिक्षित कार्यकर्तेच सहा महिने घरी जात राहिले. ते डॉक्टर नव्हते. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. म्हणजे अभ्यासात येण्याने त्या घरांना काही मिळालं, नुसती माहिती उपसून नेली नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. चार घरची धुणीभांडी करणारी बाई एक खाडा करून मुलाखतीला बसली, तर त्या खाड्याचे पैसे देणं ही लाच कशी? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यायला परवानगी देतात. रकमेचं आमिष होऊ नये, हे बघायला नैतिकता समिती असते, आणि ती आमचा एकेक रुपया विचारते.