‘जुन्या इंटेल संगणकावर लिनक्स बूटच होत नाही’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून मराठवाड्यातील शिक्षकांच्या, टंकलेखन संस्थांच्या आणि सेवा केंद्रचालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: २०१२ पूर्वीच्या इंटेल संगणकांत यूईएफआय (संगणक सुरू होताच चालणारी, जुन्या बायोसची जागा घेणारी व्यवस्था) नाही, म्हणून ते पेनड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली घेऊच शकत नाहीत, लिनक्स आता फक्त ६४ बिटचे (बिट म्हणजे प्रोसेसर एका वेळी हाताळतो त्या माहितीचे माप) उरले आहे आणि जुने प्रोसेसर ३२ बिटचे आहेत, जुन्या इंटेल मॅकवर डीव्हीडी घातली तरी काळा पडदाच दिसतो, यातून जे सुटते त्याला सिक्युअर बूट (केवळ स्वाक्षरी पटलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) अडवतो, सबब संगणक कक्षातील जुने संच भंगारात काढावेत. परभणीत असे संच दुरुस्तीसाठी माझ्याकडे येत असतात, आणि हल्ली त्यांच्यासोबत हा संदेशही येतो, म्हणून त्यातील विधाने एकेक करून तपासतो.

पहिले विधान चुकीचे आहे, पण ते कुठून जन्माला आले हे समजण्यासारखे आहे. यूईएफआय असलेला नवा संगणक पेनड्राइव्हवरील फॅट३२ विभाग स्वतः वाचू शकतो आणि त्यातील ठरलेल्या फोल्डरमधील बूट फाइल शोधून चालवतो. त्यामुळे आयएसओ (लिनक्सची अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये) उघडून आतील फाइली नुसत्या पेनड्राइव्हवर चिकटवल्या तरी बहुतेक वेळा काम भागते. जुन्या बायोसला फाइल म्हणजे काय हेच ठाऊक नसते. तो पेनड्राइव्हचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा सेक्टर स्मृतीत घेतो आणि त्यात जे लिहिले असेल ते चालवू लागतो. फाइली चिकटवताना या सेक्टरला कोणी हातच लावलेला नसतो. एकच पेनड्राइव्ह नव्या लॅपटॉपवर चालला आणि कक्षातील जुन्या संचावर चालला नाही, की पाहणारा दोष संचाच्या वयाला देतो. खरा दोष पेनड्राइव्ह बनवण्याच्या रीतीत असतो. प्रचलित लिनक्स वितरणांच्या (उबुंटू, डेबियन अशा लिनक्सच्या तयार रूपांच्या) आयएसओ फाइली अशा बेताने रचलेल्या असतात की ती फाइल जशीच्या तशी, पहिल्या बाइटपासून, पेनड्राइव्हवर उतरवली तर बायोसला हवा असलेला सेक्टरही आपोआप जागेवर पडतो. लिनक्सवर हे काम डीडी ही आज्ञा करते. विंडोजवर रूफस या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये डीडी पद्धत निवडावी, किंवा विभागरचना एमबीआर (विभागांची जुनी मांडणी) आणि लक्ष्य बायोस असे ठेवावे.

एवढे करूनही पेनड्राइव्ह दिसला नाही, तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. अनेक जुने बायोस पेनड्राइव्हला ‘रिमूव्हेबल’ या नावाखाली न दाखवता हार्ड डिस्कच्या पोटयादीत दाखवतात, आणि तेही संच सुरू करण्याआधीच पेनड्राइव्ह लावलेला असेल तरच. सुरू झाल्यावर पेनड्राइव्ह खोचून ‘दिसत नाही’ म्हणणारे मी इतके पाहिले आहेत की आता तो माझा पहिलाच प्रश्न असतो. दुसरे असे की काही बायोस सक्रिय अशी खूण असलेले पार्टिशन सापडल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. अशा वेळी दुसऱ्या साधनाने, एमबीआर रचनेत, पेनड्राइव्ह नव्याने बनवावा. ज्या फार जुन्या बायोसला यूएसबीवरून बूट करणे खरोखरच जमत नाही, तिथे सीडीवरून प्लॉप हा छोटा बूट व्यवस्थापक सुरू करता येतो. त्याच्याकडे यूएसबीचा स्वतःचा ड्रायव्हर आहे आणि तो पुढची सूत्रे पेनड्राइव्हकडे देतो.

दुसऱ्या, ३२ आणि ६४ बिटच्या विधानात निम्मे तथ्य आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. उबुंटूने ३२ बिटची डेस्कटॉप प्रतिमा (आयएसओ फाइल) १७.१० पासून बंद केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट इंटेलसाठी इन्स्टॉलर नाही. मात्र ‘जुना म्हणजे ३२ बिट’ हे समीकरण चुकीचे आहे. २००६ मध्ये आलेला कोअर २ ड्युओ ६४ बिटचा आहे. त्याच वर्षीचा, नावाने जवळजवळ जुळा असलेला कोअर ड्युओ ३२ बिटचा आहे. आणि दोन वर्षांनी आलेला, छोट्या नेटबुकांत सर्रास बसवलेला अ‍ॅटम एन२७० पुन्हा ३२ बिटचाच आहे. म्हणून वर्षावरून अंदाज बांधू नये. कोणत्याही लहानशा लिनक्सवर एलएससीपीयू ही आज्ञा दिली की पहिल्या ओळींतच उत्तर मिळते. संच खरोखर ३२ बिटचा निघाला, तर डेबियन १२ किंवा त्यावर आधारलेले अँटिएक्स २३ यांच्या ३२ बिट प्रतिमा आहेत. पेंटियम एमच्या सुरुवातीच्या काही चिपांची अडचण आणखी निराळी: त्यांच्यात पीएई ही (४ जीबीपेक्षा जास्त स्मृती वापरू देणारी) सुविधा असते, पण चिप तसे सांगत नाही, म्हणून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नकार देतो, उबुंटू १४.०४ च्या काळापासून फोर्सपीएई हा पर्याय बूटच्या ओळीत लिहून हा नकार बाजूला सारता येतो.

संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षात न आलेली एक खरी मर्यादा मीच नोंदवतो. २०२२ चे रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ आणि त्याची भावंडे नुसत्या ६४ बिटवर समाधान मानत नाहीत. त्यांना एसएसई ४.२ सारख्या प्रोसेसरच्या जादा सूचनाही लागतात, ज्या कोअर २ ड्युओकडे नाहीत. तिथे पेनड्राइव्ह कितीही नीट बनवला तरी उपयोग नाही, वितरणच बदलावे लागते.

मॅकच्या बाबतीत लक्षण खरे आहे आणि निदान खोटे. २००६-०७ च्या अनेक मॅकमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा, पण त्याला जागे करणारे ईएफआय (यूईएफआयचे आधीचे रूप) मात्र ३२ बिटचे आहे. आजच्या लिनक्स डीव्हीडीवर बायोससाठी एक आणि ईएफआयसाठी एक अशा दोन बूट नोंदी असतात. त्या पाहून हे मॅक ‘कोणत्या प्रकारे बूट करू’ असा दोन पर्यायांचा प्रश्न काळ्या पडद्यावर टाकतात आणि तिथेच गोठतात. कळफलक दाबून काही होत नाही. यावर उपाय म्हणजे ईएफआयची नोंद वगळून, केवळ बायोसची नोंद असलेली प्रतिमा बनवणे. डेबियनने अनेक आवृत्त्यांत मॅक या नावाने नेमकी अशीच नेटइन्स्टॉल (बाकीच्या फाइली इंटरनेटवरून घेणारी) प्रतिमा तयार ठेवलेली होती. ती डीव्हीडीवर कमी वेगाने लिहावी आणि ऑप्शन कळ दाबून धरून संच सुरू करावा. हा प्रश्न केवळ वयाचा नाही: २०१४ च्या सुमारास आलेल्या अ‍ॅटम झेड३७३५एफच्या स्वस्त टॅब्लेटांतही ६४ बिट प्रोसेसरवर ३२ बिट यूईएफआय बसवलेले सापडते. त्या काळी ती यंत्रे नवीकोरी होती, तरी अडचण हीच होती. कर्नलने ३.१५ या आवृत्तीत, २०१४ साली, ही विजोड जोडी सांभाळायला सुरुवात केली.

सिक्युअर बूटवर फार लिहायला नको. तो विंडोज ८ सोबत २०१२ मध्ये रूढ झाला. ज्या संचांत यूईएफआयच नाही असे संदेशाचे पहिले वाक्य म्हणते, त्यांना यूईएफआयचाच एक भाग असलेला सिक्युअर बूट कसा अडवणार?

राहिला भंगाराचा सल्ला. तो मानण्याआधी एक साधी गोष्ट तपासावी. आपल्याकडे लोडशेडिंग झाले की ज्या संचाची बोर्डावरील सीआर २०३२ ही गोल बॅटरी संपलेली असते, तो वीज येताच सगळ्या नोंदी विसरतो. काल यूएसबीला दिलेला पहिला क्रम आज पुन्हा हार्ड डिस्ककडे गेलेला असतो, आणि ‘कालपर्यंत चालत होता, आज पेनड्राइव्ह घेत नाही’ अशी तक्रार येते. शिवाय तारीखही कित्येक वर्षे मागे सरकलेली असते. त्यामुळे लिनक्स सुरू झाले तरी ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित ठरवतो आणि पॅकेजांची यादी ‘अजून वैध झालेली नाही’ म्हणून नाकारली जाते. ही बॅटरी घड्याळवाल्याकडेही मिळते. ती बदलून, बायोसमध्ये आजची तारीख घालून, मगच पेनड्राइव्ह लावावा.