‘फी पूर्ण घेतली आणि शिकाऊ मुलीसमोर बसवलं’: आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या करिअर समुपदेशन केंद्राबद्दल तुमची तक्रार अशी आहे: फी पूर्ण घेतली आणि शिकाऊ मुलीसमोर बसवलं, कोपऱ्यात आणखी एक बाई काही न बोलता लिहीत होत्या, ती मुलगी मध्येच उठून बाहेर विचारायला गेली, आणि एवढं होऊन ‘सायन्स की कॉमर्स’चं उत्तर पुढच्या आठवड्यावर गेलं.

तुमच्या मुलाबद्दल इथे मी एक शब्दही लिहिणार नाही. खोलीतलं बोलणं खोलीतच राहतं, पालकांनी स्वतः चारचौघांत मांडलं तरी. आमची पद्धत मात्र सांगते. सांगलीत कुठेही मुलाला घेऊन जाणाऱ्या पालकांना ती माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे दारावर ‘करिअर समुपदेशक’ अशी पाटी लावायला परवाना लागत नाही. त्यामुळे समोरचा माणूस कसा तयार झाला आणि त्याच्यावर नजर कोणाची, हे केंद्रालाच बघावं लागतं. आमच्याकडे मानसशास्त्रात एम.ए. करून आलेली व्यक्तीसुद्धा आधी नुसती मागे बसून ऐकते. मग चाचण्या घ्यायला आणि वाचायला शिकते. पालकांसमोर बसायला लागली की अनुभवी समुपदेशक खोलीत असतात. दुसरं कुणी बसलं तर चालेल का, हे आम्ही आधी विचारतो. तुमचाही होकार घेतला होता. त्या लिहीत होत्या ते तुमच्या मुलाविषयी नव्हे, आमच्या समुपदेशकाविषयी. प्रश्नातच उत्तर सुचवलं का? मूल जास्त बोललं की आईवडील? ‘गणित नको’ म्हटल्यावर विषयच नको आहे, की शिक्षकांची भीती आहे, की नववीत काही राहून गेलंय, हे खोदून विचारलं का? दर बुधवारी संध्याकाळी आम्ही या नोंदी घेऊन बसतो. फी दोघींच्या वेळेची असते, म्हणून ती कमी होत नाही.

ती उठून विचारायला गेली, याचा मला अभिमान आहे. मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर तपासतात आणि औषध ठरवण्याआधी वरिष्ठांना विचारतात, तेव्हा आपल्याला धीरच येतो ना?

नव्या समुपदेशकाचा पाय नेमका कुठे घसरतो हे आम्हाला ठाऊक आहे. अहवालात 60 पर्सेंटाइल दिसलं की पालकांना ते साठ टक्के गुण वाटतात. खरा अर्थ असा, की ज्या गटावर चाचणी बेतली आहे त्यातल्या शंभरांपैकी साधारण साठजणांच्या पुढे. तो गट शहरी, इंग्रजी माध्यमाचा असेल तर तासगाव किंवा जतच्या मराठी शाळेतल्या मुलाचा भाषेचा आकडा फार जपून वाचावा लागतो. दुसरी गोष्ट आवडीची. जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलेल्या सिद्धांतातले सहा गट आजही कितीतरी आवड-चाचण्यांच्या मुळाशी आहेत. पण आवड म्हणजे क्षमता नव्हे. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. समोर घाईतले पालक बसले की तेच विसरायला होतं, म्हणून शेजारी कुणीतरी लागतं.

आता पुढच्या आठवड्याचं. अकरावीचा ऑनलाइन अर्ज डोक्यावर असतो, तुमची घालमेल मला कळते. तरी आवड एकीकडे आणि क्षमता दुसरीकडे निघाली, तर पहिल्याच भेटीत शाखा सांगायची नाही, हा आमचा नियम आहे. बारावी सायन्सनंतर बी.कॉम.ला जाता येतं, कॉमर्सनंतर इंजिनिअरिंगला नाही. सायन्समध्ये गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येतात, पण तो भार पेलणार का हेही बघावं लागतं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हा रस्ता तर बऱ्याच घरांत चर्चेलाही येत नाही. या सगळ्यावर मुलाशी बोलल्याशिवाय दिलेलं उत्तर म्हणजे अंदाज. आणि आम्ही कुठल्याही कॉलेजकडून किंवा क्लासकडून कमिशन घेत नाही. तुम्हाला घाईने कुठे ढकलण्यात आमचा काही फायदा नाही.

तुमची दुसरी भेट बाकी आहे, तिची वेगळी फी नाही. त्या वेळी मी स्वतः खोलीत असेन, आणि समोर तीच समुपदेशक असेल. तिने तुमची फाइल आमच्यापुढे मांडून तयारी केली आहे. येताना आठवी ते दहावीच्या गुणपत्रिका आणा. मुलाशी पहिली वीस मिनिटं एकट्याने बोलायचं आहे, तेवढा वेळ तुम्ही बाहेर थांबा, अशी विनंती.