होतकरू नटांनी रडावं कसं

परवा ४०० रुपयांचं तिकीट काढून तिसऱ्या रांगेत बसलो होतो. दुसऱ्या अंकात मुलाला फोन येतो: वडील गेले. पुढची सात मिनिटं त्या नटाने आमचे कान धन्य केले. त्यातून मिळालेली विद्या होतकरूंसाठी देतोय, वहीत उतरवून घ्या.

बातमी कळताच हातातली वस्तू पाडा. स्टीलचा ग्लास उत्तम.

मग गुडघ्यांवर या.

पॉज चुकूनही घेऊ नका. १९८५ साली दिग्दर्शिका विजयाबाई मेहतांनी 'वाडा चिरेबंदी' हे नाटक बसवलं. घरात कर्ता माणूस गेलाय, दारात ट्रॅक्टर गंजतोय आणि माणसं तेराव्याच्या खर्चाचं बोलतायत! दुःख कुठेय ते प्रेक्षकाने शोधायचं. पैसे मोजून वर मेहनतही त्यानेच करायची?

आता आवाज. गालाला माइक चिकटवलेला असतो. गिळलेला आवंढासुद्धा बाल्कनीत पोचतो. म्हणूनच किंचाळायचं. किंचाळताना समोरचा काय बोलतो ते मुळीच ऐकायचं नाही. परवा आईचं काम करणाऱ्या बाई पदराला हात पुसत हळूच म्हणाल्या, "दोन घास खाऊन घे रे." काय म्हणाल्या हो! माझ्या पोटात कालवलं. आणि हा? त्यांच्याकडे पाठ, तोंड आमच्याकडे, पायाने स्पॉटलाइटची जागा चाचपतोय. बाईंचं वाक्य संपायच्या आत याचं "बाबाऽऽऽ"! अख्ख्या प्रसंगाचं मातेरं. वर टाळी पडेपर्यंत जागचा हलेना. पडली. पडणारच.

शेवटी जमिनीवर मूठ आपटा. धूळ उडाली तर प्रकाशात छान दिसते.

माझ्या काकूंना काका गेल्याचा फोन आला तेव्हा त्या मटार सोलत होत्या. "बरं," म्हणाल्या. फोन ठेवला आणि उरलेले मटार सोलले. सालं पातेल्यात, दाणे कचऱ्यात. हे जमेल का रे तुला? नाही ना? मग निदान समोरची बाई बोलतेय तोवर तोंड मिट आणि ऐक. फक्त ऐक! तालमीत एवढंही कोणी सांगितलं नाही? आणि दिग्दर्शक विंगेत झोपला होता का?

टाळ्या पिटणाऱ्यांनो, तुम्ही हसू नका. तुम्हीच चढवून ठेवलंय त्याला. पुढच्या प्रयोगाला तो आठ मिनिटं रडेल.