सर, मॅडम टायर्ड

गाढववाल्यावर माझा राग नाही. तो बिचारा पोटासाठी करत होता. राग आहे तो त्याच्याशी बोलणाऱ्यावर, आणि तो इसम या क्षणी आतल्या खोलीत बसून पेट्राचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतोय.

पेट्रा म्हणजे जॉर्डनमधलं, डोंगर कोरून घडवलेलं नबातियन या प्राचीन अरब लोकांचं शहर. सिक नावाच्या सव्वा किलोमीटरच्या अरुंद घळीतून आत शिरायचं आणि घळ संपता संपता फटीतून एकदम चाळीसेक मीटर उंचीची, कड्यात कोरलेली अल-खझनेची, म्हणजे 'खजिना' नावाच्या वास्तूची दर्शनी बाजू दिसते. तिच्या माथ्यावरच्या कलशात खजिना आहे असं समजून बेदुईनांनी, म्हणजे तिथल्या भटक्या अरबांनी, त्यावर गोळ्या झाडल्या. कलश भरीव दगडाचा निघाला. बाकीचं तुम्ही फोटोत पाहिलंच असेल. तिकीट एका दिवसाचं माणशी ५० दिनार, आणि दिनार डॉलरपेक्षा महाग असतो हे नवऱ्याने मला घळभर ऐकवलं.

मी रेंगाळले ती घळीतल्या पाण्याच्या पाटापाशी. कड्याच्या अंगाला कमरेच्या उंचीवर पाट कोरलाय, समोरच्या बाजूला भाजलेल्या मातीचे नळ होते. दोन हजार वर्षांपूर्वी या लोकांनी झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी अडवून, टाक्यांत साठवून भर वाळवंटात शहर जगवलं. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत फेब्रुवारीपासून टँकर सुरू होतात. मी पाटाचा फोटो तिथल्या तिथे सेक्रेटरींना पाठवला. त्यांनी हात जोडलेली इमोजी पाठवली.

असो. गोष्ट आहे अद-देरच्या वाटेवरची. शहराच्या पार पलीकडच्या टोकाला, डोंगरावर ही तशीच कड्यात कोरलेली वास्तू आहे आणि तिथवर आठशेहून जास्त पायऱ्या आहेत. मी दर रविवारी सिंहगड चढते. नवरा दर रविवारी उशिरा उठतो. ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवा.

पायऱ्या सुरू झाल्या आणि तो प्रकटला. विशीचा असेल. डोळ्यांत माझ्या लग्नातही नव्हतं इतकं काजळ, डोक्याला फडकं, हातात महागडा मोबाइल आणि मागे गाढव. आमच्या पुढच्या इटालियन जोडप्याला त्याने गाढवाचं नाव 'फेरारी' सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. आमच्यापाशी येताच म्हणाला, "इंडियन? धिस डाँकी, नेम शाहरुख."

मी हसले, नको म्हटलं आणि चढू लागले. नवरा वळणावर थांबला होता. तो हल्ली 'दम लागला' म्हणत नाही, 'फोटो काढतो' म्हणतो. पोराने त्याच्याकडे पाहिलं. लालबुंद चेहरा, कानशिलावरून ओघळणारा घाम, मोबाइल हातात पण लेन्स जमिनीकडे. मग वर, माझ्याकडे पाहिलं. मी सहा पायऱ्या पुढे, तोंड मिटून, नाकाने श्वास घेत उभी. आणि हे सगळं नीट पाहून तो नवऱ्याला म्हणाला,

"सर, मॅडम टायर्ड."

इथे कुठल्याही नवऱ्याने काय म्हणावं? 'अरे बाबा, तिला नाही, मला धाप लागलीय' एवढं नको, निदान 'नो थँक्यू' तरी? आमच्या नवऱ्याने विचारलं, "हाउ मच?"

"अरे, तू त्याला भाव काय विचारतोस?"

"अगं, विचारायला काय पैसे पडतात?"

हा माणूस न घ्यायच्या वस्तूचा भाव विचारल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. अम्मानमध्ये त्याने गालिच्याचा विचारला, मृत समुद्रावर उंटाचा विचारला. पण या खेपेला माल मी होते. दोघंही मध्येमध्ये वर बघून माझं वजन जोखत होते, ही कल्पना नव्हे, मी पाहिलंय. पोराने आकडा सांगितला. नवऱ्याने सवयीने निम्मा केला. पोरगा छातीवर हात ठेवून म्हणाला, "सर, फॉर यू स्पेशल. मॅडम हॅपी, यू हॅपी."

झालं. एकदा घासाघीस केलेलं गिऱ्हाईक कोण सोडतो? तो, शाहरुख आणि आम्ही अशी चौघांची वरात निघाली. दर वळणावर नवरा फोटोला थांबायचा आणि पोरगा हळहळायचा, "सर, लुक, मॅडम व्हेरी टायर्ड." शेवटी मी चार पायऱ्या उतरून पोरासमोर गेले आणि म्हणाले, "आय ॲम नॉट टायर्ड. ही इज टायर्ड." पोरगा मोकळेपणाने हसला आणि नवऱ्याला म्हणाला, "सर, मॅडम अँग्री. बिकॉज टायर्ड."

नवरा हसला. हे हसणं मी अजून विसरलेले नाही.

आणि हे त्या डोंगरावरच्या पोराचंच आहे असं नाही. सगळी बुकिंगं मी केली होती, माझ्या नावावर, माझ्या कार्डावर. तरी हॉटेलवाला किल्ली 'सर'च्या हातात ठेवणार. हॉटेलात जेवणाचं बिल 'सर'पुढे. आणि परदेशाला तरी का नावं ठेवायची, इथे घरी प्लंबर येतो, मी त्याला नळ कुठून गळतो ते दाखवत असते, तो ऐकून घेतो आणि विचारतो, "साहेब कधी येतील?" साहेबांना आपल्या घरात पाण्याचा मेन कॉक कुठे आहे हे माहीत नाही. वीस वर्षं राहतोय आम्ही तिथे.

वर पोचलो. अद-देर प्रचंड आहे, खझनेहून रुंद आणि रांगडं, आणि आत बघावं तर एक रिकामी खोली. समोर चहाची टपरी आहे. तिथे नवरा जो बसला तो पुदिन्याचे दोन चहा पिऊनही उठेना. गुडघा म्हणाला. उतरणं चढण्यापेक्षा वाईट, हे त्याला तिथे समजलं.

शाहरुख जवळच उभा होता. मी पोराला हाक मारली, भाव विचारला, त्याने सांगितलेल्या आकड्यात नवऱ्यालाही जमला नव्हता इतका पाडला आणि नवऱ्याकडे बोट केलं, "फॉर हिम." पोराने मान हलवली. मग वळून नवऱ्याला विचारलं, "ओके, सर?"

सरांनी परवानगी दिली. मी नोट काढून पोराच्या हातात ठेवली. त्याने उरलेले पैसे मोजले आणि सरांच्या हातात दिले.